एकही डोस न चुकलेल्या पेशी

मामांचं तेरावं उरकलं, पाहुणे आपापल्या गाड्यांनी गेले आणि मामींनी मला आतल्या खोलीत बोलावून कपाटातली गोळ्यांची एक पट्टी माझ्या हातात ठेवली. गेफिटिनिब, २५० मिलिग्रॅम. सात खळगे फोडलेले, तीन गोळ्या शाबूत.

"थोरलीच्या लग्नात तीन दिवस गोळी राहिली," त्या म्हणाल्या. "पिशवी मीच भरली हुती. गोळ्याच घ्यायच्या राहिल्या. त्या तीन दिवसांत रोग शहाणा झाला."

पुढे औषध बंद झालं तेव्हा हिशेबाने पट्टी संपायला हवी होती, पण तीन गोळ्या उरल्या. मामींनी त्या टाकल्या नाहीत. ही गोष्ट जून २०१८ची. मी तेव्हा एम.एस्सी. संपवून पुण्यात पीएच.डी.ला लागणार होते. कॅन्सरच्या पेशींवर काम करणार हे घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच बहुधा त्यांनी ती पट्टी मला दाखवली. मी म्हणाले, "मामी, असं नसतं हो." पण कसं असतं ते मला सांगता आलं नाही. पुस्तकात वाचलेलं होतं. छातीवर हात ठेवून सांगावं इतकं माझं स्वतःचं काही नव्हतं.

मामांची तासगाव तालुक्यात दोन एकर द्राक्षबाग. आयुष्यात तंबाखूला हात लावला नाही, विडी नाही, सिगारेट नाही. २०१६च्या ऑक्टोबर छाटणीनंतर खोकला लागला. आधी टीबी समजून औषधं सुरू झाली, दोन महिने त्यात गेले. मग फुप्फुसाभोवती पाणी साठलं, ते काढून तपासलं तेव्हा कॅन्सरचं निदान झालं. जनुकीय तपासणीच्या कागदावर एक ओळ होती: ईजीएफआर, एक्झॉन १९ डिलीशन. डॉक्टर म्हणाले, हा बदल सापडला हे त्यातल्या त्यात बरं, कारण यावर रोज एक गोळी घ्यायची असते, सलाइन नाही, केस गळणं नाही. जानेवारी २०१७मध्ये गोळी सुरू झाली आणि पंधरा दिवसांत मामा उशीशिवाय आडवे झोपू लागले. चेहऱ्यावर पुटकुळ्या आल्या, नखांच्या कडा दुखायच्या, पोट बिघडायचं. पण माणूस बागेत फिरायला लागला. मे महिन्यात मुलीचं लग्न लावलं. नोव्हेंबरमध्ये खोकला परत आला. रक्ताचा नमुना मुंबईला पाठवला, त्यात टी७९०एम नावाचा नवा बदल दिसला. त्यावर ऑसिमर्टिनिब नावाचं औषध होतं, पण तेव्हा त्याचा महिन्याचा खर्च लाखांत जात होता. मामा म्हणाले, बाग विकायची नाही. मग केमो झाली. सहा महिने गेले, आणि मामा गेले.

जानेवारी २०१९मध्ये माझ्या गाइड मॅडमनी पहिलं मोठं काम दिलं: औषधाला दाद न देणारी पेशींची लाइन, म्हणजे एकाच मुळापासून प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढत राहणाऱ्या पेशी, स्वतः तयार करायची. अशा लाइन विकत किंवा मागून मिळू शकतात. पण मॅडमचं म्हणणं होतं की जी पेशी तू स्वतः वाढवली नाहीस तिचा इतिहास तुला कधीच नीट कळणार नाही. लिक्विड नायट्रोजनच्या टाकीतून, उणे १९६ अंशांवरून, त्यांनी एक व्हायल, म्हणजे गोठवलेल्या पेशींची छोटी कुपी, काढली. पीसी-९. एका जपानी रुग्णाच्या फुप्फुसाच्या गाठीतून कित्येक वर्षांपूर्वी घेतलेल्या आणि तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आलेल्या पेशी. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं: ईजीएफआर, एक्झॉन १९ डिलीशन.

मी तो कागद दोनदा वाचला. मामांच्या फाइलमधलीच ओळ होती ती.

हा बदल म्हणजे काय ते सांगते. ईजीएफआर हे पेशीच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन. बाहेरून वाढीचा निरोप आला की ते आत कळवतं, 'वाढ, विभाग.' निरोप थांबला की तेही थांबतं. त्याच्या जनुकातल्या एक्झॉन १९ या तुकड्यातली डीएनएची साधारण १५ अक्षरं गळाली की प्रथिनातली पाच अमिनो आम्लं कमी होतात, आणि मग बटण चालूच राहतं, निरोप असो वा नसो. पेशी रात्रंदिवस वाढत राहते, पण त्याच वेळी त्या एका बटणावर पूर्ण विसंबून जाते. गेफिटिनिब नेमकं तिथे बसतं. प्रथिनाला काम करायला एटीपी हे इंधन लागतं, आणि एटीपीच्या खोबणीत हे औषध जाऊन बसतं. बटण बंद झालं की पेशी मरते. २००४मध्ये हे बदल आणि गोळीचा गुण यांचं नातं उघड झालं. त्यामुळेच मामा पंधरा दिवसांत आडवे झोपू शकले.

पहिले दोन आठवडे नुसत्या पेशी सांभाळायला शिकण्यात गेले. ३७ अंश तापमान, पाच टक्के कार्बन डायऑक्साइड, गुलाबी मीडियम, म्हणजे पेशी ज्यात वाढतात तो पोषक द्रव. पीसी-९ पेशी तळाला घट्ट चिकटून बसतात, एकमेकींना लागून, फरशा बसवाव्यात तशा. मीडियमचा रंग हा त्यांचा आवाज असतो असं मला वाटतं. पेशी जोमात वाढल्या की आम्ल सोडतात आणि गुलाबी मीडियम आधी नारिंगी आणि मग पिवळं होतं. इनक्युबेटरचं दार उघडल्यावर मायक्रोस्कोपच्या आधी रंगच सांगतो की आत काय चाललंय.

मग मूळ पेशी किती औषधाने मरतात ते मोजलं. छोट्या छोट्या ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये पेशी लावायच्या, ओळीओळीने औषधाची मात्रा वाढवत न्यायची, तीन दिवसांनी एक पिवळं रसायन घालायचं. जिवंत पेशी त्या पिवळ्याचं जांभळं करतात, मेलेल्या करत नाहीत. माझ्या प्लेटवर डावीकडे गर्द जांभळं आणि उजवीकडे जाता जाता फिकट होत पार पिवळं. निम्म्या पेशी मारायला सुमारे ३० नॅनोमोलर पुरलं. इतकी कमी मात्रा आणि इतका स्वच्छ परिणाम. हे औषध किती चांगलं आहे ते मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं, आणि खरं सांगते, त्या दिवशी मला मामांची फार आठवण आली.

काम दोन वाटांनी करायचं ठरलं. एक हळू वाट: ३० नॅनोमोलरपासून सुरुवात, पेशी सावरल्या की मात्रा दुप्पट, पुन्हा सावरल्या की पुन्हा दुप्पट, थेट १,००० नॅनोमोलरपर्यंत. यासाठी तीन फ्लास्क केले, नावं क, ख, ग. चौथा फ्लास्क साधा. त्याला औषध नाही, फक्त औषध ज्यात विरघळवतो ते डीएमएसओ. दर तिसऱ्या दिवशी जुनं मीडियम काढायचं, ताजं औषध घातलेलं मीडियम द्यायचं आणि वहीत तारीख, वेळ, मात्रा लिहून सही करायची.

ती वही मी मामींसाठी लिहीत होते, हे मला बऱ्याच उशिरा उमगलं. लॅबमधले बाकीचे एखादा दिवस पुढेमागे करत. मी करत नव्हते. गणपतीत पहाटे येऊन मीडियम बदललं. ताप आला तेव्हा मैत्रिणीला फोनवर मात्रा वाचून दाखवली आणि तिची सही घेतली. ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुराला महापूर आला, रस्ते बंद, घरचे फोन लागेनात, आणि मी लॅबमध्ये बसून दर तिसऱ्या दिवशी मीडियम बदलत होते. त्या आठवड्याच्या नोंदीही पूर्ण आहेत. फेब्रुवारी ते नोव्हेंबर, एकाही फ्लास्कचा एकही डोस चुकला नाही.

दुसरी वाट झटपट होती, आणि मला जे शिकायला मिळालं त्यातलं बरंचसं तिनेच शिकवलं. यात मात्रा हळूहळू वाढवायची नाही. सुरुवातीलाच १,००० नॅनोमोलर, म्हणजे निम्म्या पेशी मारणाऱ्या मात्रेच्या तीसपटीहून जास्त, आणि सलग नऊ दिवस. मी दहा लाख पेशी लावल्या. दुसऱ्या दिवशी त्या आक्रसायला लागल्या. तिसऱ्या दिवशी गोल होऊन तळ सोडू लागल्या. चौथ्या दिवशी प्लेट हलवली की मेलेल्या पेशींचा गाळ तरंगत एका कडेला जमायचा. सहाव्या दिवशी मीडियम बदलल्यावर खाली काहीच दिसेना. रंग अगदी पहिल्या दिवसासारखा स्वच्छ गुलाबी. मी मॅडमना सांगायला गेले की प्लेट रिकामी झाली. त्या म्हणाल्या, "नवव्या दिवशी बघ, आणि सावकाश बघ."

नवव्या दिवशी दुपारी मी ती प्लेट मायक्रोस्कोपखाली घेतली आणि एका कोपऱ्यापासून ओळीने सरकवत गेले. रिकामं, रिकामं, रिकामं. मग एक पेशी दिसली. मोठी, पसरट, कडा पातळ झालेल्या, तळाला गच्च धरून बसलेली. आजूबाजूला कुणी नाही. आणखी सरकवलं तर दुसरी. मोजायला तास लागला. हजारात तीन-चार उरल्या होत्या. त्या मेलेल्या नव्हत्या आणि वाढतही नव्हत्या. नुसत्या होत्या.

अशा पेशींना टिकून राहणाऱ्या पेशी म्हणता येईल. २०१०मध्ये बोस्टनच्या एका गटाने याच पीसी-९वर त्यांचं सविस्तर वर्णन केलं, तिथेही प्रमाण साधारण ०.३ टक्केच होतं. माझा आकडा त्याच्याशी जुळला याचा विद्यार्थिनी म्हणून आनंद व्हायला हवा होता. मला आठवत होता मामांचा मार्च २०१७चा स्कॅन. डॉक्टरांनी गाठ जवळजवळ गेली असं दाखवलं होतं आणि मामींनी गावात पेढे वाटले होते. त्या स्कॅनमध्ये दिसत नव्हतं ते मी आता काचेखाली बघत होते.

पुढचा भाग महत्त्वाचा. त्या उरलेल्या पेशींवरचं औषध मी धुऊन काढलं आणि त्यांना साधं मीडियम दिलं. आठवडाभर काही नाही. मग एक विभागली, मग दुसरी, आणि काही आठवड्यांत प्लेट भरली. पुन्हा ९६ खळग्यांची चाचणी केली. निकाल मूळ पेशींसारखाच: उजवीकडचे खळगे पिवळे, पेशी ३०च्या आसपासच मरत होत्या. म्हणजे त्यांच्या जनुकांत कायमचं काही बदललं नव्हतं. औषध आलं तेव्हा त्या थांबल्या होत्या, वाढीचं काम गुंडाळून गप्प बसल्या होत्या; औषध गेल्यावर पहिल्यासारख्या झाल्या. डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावरच्या खुणा बदलून काही जनुकं झाकली जातात, काही उघडतात, आणि पेशीला हा मुक्काम साधतो. तिला त्यासाठी नवं जनुक लागत नाही.

मॅडम म्हणाल्या, "यांना औषधाला प्रतिरोध आलेला नाही. यांना वेळ मिळालाय." हे वाक्य मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं.

हळू वाटेचे फ्लास्क तोवर चालू होते. पहिले दोन महिने तिन्ही गुलाबी. इतके दिवस रंग न बदललेला फ्लास्क रोज उघडून बघायला धीर लागतो. मे महिन्यात ग फ्लास्कमध्ये बुरशी आली. सकाळी दार उघडलं तर मीडियममध्ये कापसासारखा पांढरा पुंजका. अशा वेळी काही वाचवायचं नसतं. इतर फ्लास्कही जातील या भीतीने तो लगेच ब्लीच घालून टाकावा लागतो. चार महिन्यांचं काम. इनक्युबेटर पुसून, पाण्याची ट्रे बदलून रात्री होस्टेलवर गेले तेव्हा जेवण गेलं नाही. ग नव्याने सुरू करायला वेळ नव्हता, म्हणून दोनच उरले.

जूनच्या मध्यावर क फ्लास्कच्या मीडियममध्ये नारिंगी झाक दिसली. मायक्रोस्कोपखाली एका कडेला पेशींचं छोटं बेट तयार झालं होतं, बाकी सगळीकडे मोकळी जमीन. दोन आठवड्यांत ते बेट पसरत फ्लास्कभर झालं. मात्रा दुप्पट केली तेव्हा पूर्वीसारखी पडझड झाली नाही. पुन्हा दुप्पट केली, काही नाही. ख मात्र रडतखडत चालला होता. प्रत्येक पायरीला अर्ध्याहून जास्त पेशी जायच्या आणि उरलेल्या सावरायला महिनाभर घ्यायच्या. आणि त्यांचं रूपही बदलत होतं. फरशीसारख्या चौकोनी पेशी लांबट, टोकदार झाल्या, एकमेकींचा हात सोडून सुट्या राहू लागल्या.

नोव्हेंबरमध्ये दोन्ही फ्लास्क १,००० नॅनोमोलरमध्ये आरामात वाढत होते. चाचणीची प्लेट लावली. साध्या फ्लास्कची ओळ जानेवारीसारखीच जांभळ्यावरून पिवळी. क आणि खच्या ओळी शेवटच्या खळग्यापर्यंत जांभळ्या. रसायन घातल्यावर दोन-तीन तासांत रंग चढत जातो, आणि तो चढताना मी शेजारी उभी राहून बघत होते. दहा महिने ज्याची वाट पाहिली ते मिळालं होतं. पण माझ्या पोटात खड्डा पडला.

मग प्रश्न, हे कसं केलं त्यांनी? दोन्हींचा डीएनए काढून ईजीएफआरचा एक्झॉन २० वाचायला पाठवला. क्रम वाचण्याचा आलेख म्हणजे रंगीत शिखरांची रांग असते, प्रत्येक अक्षराचा एक रंग. क फ्लास्कच्या आलेखात सगळी शिखरं एकेक होती, आणि एका ठिकाणी दोन: निळ्या सीच्या जागी, त्याच्यावर चढलेलं लाल टी. एसीजीचं एटीजी. त्यामुळे प्रथिनाच्या ७९०व्या जागी थ्रिओनिनऐवजी मेथिओनिन बसतं. टी७९०एम. मामांच्या रक्तात सापडलेला तोच बदल, माझ्या फ्लास्कमध्ये, माझ्या हाताखाली तयार झालेला.

एका अक्षराने एवढं कसं होतं? खोबणीच्या तोंडाशी मोठं अमिनो आम्ल येऊन बसल्यामुळे औषधाला आत शिरायला अडचण होते, असा सुरुवातीचा समज होता. २००८मधल्या अभ्यासाने दाखवलं की मोठा भाग वेगळाच आहे. या बदलामुळे प्रथिनाची एटीपीवरची पकड पुन्हा घट्ट होते. औषध आणि एटीपी यांची एकाच जागेसाठी चढाओढ असते. आधी औषध जिंकत होतं, आता एटीपी जिंकतं. गेफिटिनिब किंवा त्याच्याच जातीचं एर्लोटिनिब घेणाऱ्या ज्या रुग्णांत औषध चालेनासं होतं, त्यातल्या साधारण निम्म्यांत हाच बदल सापडतो. ऑसिमर्टिनिब यावर मात करतं, कारण ते खोबणीतल्या ७९७व्या जागेच्या सिस्टीनशी पक्का बंध जोडून बसतं, एटीपीला त्याला हलवता येत नाही. मी क फ्लास्कमधल्या थोड्या पेशींना ऑसिमर्टिनिब दिलं. तीन दिवसांत त्या मेल्या. तो निकाल बघणं मला त्या सगळ्या वर्षात सगळ्यात जड गेलं. औषध होतं, चालत होतं, आणि आमच्या आवाक्याबाहेर होतं. पण त्यालाही अंत आहे: काही रुग्णांत पुढे ७९७वं सिस्टीनच बदलून तिथे सेरिन येतं, आणि बंध जोडायला जागाच उरत नाही. २०१५मध्ये तेही नोंदवलं गेलं.

ख फ्लास्कमध्ये टी७९०एम नव्हता. ईजीएफआर तिथे खरोखर बंद होतं. वेस्टर्न ब्लॉट या प्रथिनं ओळखण्याच्या चाचणीत त्याची चालू असल्याची पट्टी दिसतच नव्हती. पण आतले निरोप पोचवणारे एकेटी आणि ईआरके दोन्ही चालू. पुढचं दार बंद केलं तर या पेशी मागच्या दाराने आल्या होत्या. अशी दारं बरीच आहेत. २००७मध्ये मेट नावाच्या जनुकाच्या प्रती वाढवून दुसऱ्याच मार्गाने तोच निरोप पोचवणाऱ्या पेशी सापडल्या होत्या. काही रुग्णांत तर गाठ आपला प्रकारच बदलते, स्मॉल सेल कॅन्सर होते, आणि उपचार मुळापासून बदलावे लागतात. म्हणून औषध चालेनासं झालं की पुन्हा बायोप्सी किंवा निदान रक्ताची तपासणी करायला डॉक्टर सांगतात. ती टाळू नका असं मी ओळखीतल्या प्रत्येकाला सांगते. 'आता पुन्हा सुई कशाला' असं घरच्यांना वाटतं, आणि तेही मला कळतं. पण कोणतं दार उघडलंय ते कळल्याशिवाय पुढचं औषध अंदाजाने द्यावं लागतं.

आणि हा बदल येतो कुठून? हा प्रश्न मामींचाच होता. २०१६मध्ये पीसी-९वरच झालेल्या एका अभ्यासाने दोन्ही उत्तरं दिली. काही वेळा तो बदल असलेल्या मोजक्या पेशी पहिल्या गोळीच्या आधीपासूनच असतात. औषध बाकीच्यांना मारतं आणि यांना रान मोकळं होतं. काही वेळा त्या आधी नसतात. गप्प बसून टिकलेल्या पेशींपैकी एखादीत तो नंतर, औषध चालू असतानाच घडतो. दोन्हींत औषध वेळेवर मिळत असतं.

जानेवारी २०२०मध्ये मी वही घेऊन तासगावला गेले. बागेत माल उतरणीला आला होता. मामी आता बाग स्वतः बघतात, फवारणीचं वेळापत्रक त्यांच्या हातात. वेलीखाली बसून मी त्यांना मोबाइलवर नवव्या दिवसाचा फोटो दाखवला, ती एकटी पसरट पेशी. मग वहीची पानं उलटत गेले. "ही तारीख बघा, ही सही बघा. एक दिवस चुकला नाही, मामी. लग्न नाही, गाव नाही, पिशवी विसरायला कुणी नाही. तरी हे झालं. तोच बदल झाला, जो मामांना झाला." गोळी वेळेवर घ्यायलाच हवी, तेही सांगितलं, पण त्या तीन दिवसांनी हा रोग घडवलेला नाही, हे मी आता छातीवर हात ठेवून म्हणू शकत होते.

त्यांनी वही मांडीवर घेतली. अक्षर कळत होतं असं नाही, इंग्रजीत लिहिलेलं होतं सगळं, पण त्या सह्यांवरून बोट फिरवत बसल्या. बराच वेळ गेला.

"म्हंजे आपल्या डावणीसारखं," त्या म्हणाल्या. डावणी हा द्राक्षवेलीवर पडणारा रोग. "तेच तेच औषध मारत ऱ्हायलं की डावणी दाद देत न्हाई. औषध बाद न्हाई, आपला हातबी चुकल्याला न्हाई. चार पानाआड ऱ्हातीच की."

मी मान हलवली. मला दहा महिने लागले होते ते त्यांना वेलीखाली बसून दिसलं.

"म्हणून तर आम्ही दोन औषधं मिसळून मारतो," त्या पुढे म्हणाल्या. "एक आंतरप्रवाही, एक वरनं बसणारं. मग ह्यांना दोन एकदम का न्हाई दिली?"

याचं उत्तर मला माहीत होतं, आणि तेच सांगायला मी सगळ्यात जास्त घाबरत होते. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये नेमकी हीच चाचणी झाली होती: ३५० रुग्ण, निम्म्यांना नुसतं गेफिटिनिब, निम्म्यांना गेफिटिनिबसोबत पहिल्यापासून पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिनची केमो. नुसत्या गोळीवर रोग साधारण आठ महिने आटोक्यात राहिला, दोन्हींवर सोळा. केमोचा त्रास जास्त झाला, पण माणसं जास्त जगली. निकाल नुकताच छापून आला होता. मामा गोळी घेत होते त्याच वर्षांत ते रुग्ण त्या चाचणीत होते. उत्तर तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. ते शोधणं चालू होतं. हे मी त्यांना जसंच्या तसं सांगितलं.

मामी काही बोलल्या नाहीत. उठून एका घडाची खालची दोन कुजकी मणी काढून टाकली, हात पदराला पुसले आणि परत येऊन बसल्या.

"आणि त्या दुसऱ्या बाटलीतल्या," त्यांनी विचारलं, "त्या लांबट. त्यांना काय मारायचं?"

"त्याचंच शोधतेय, मामी."

"मग शोध," त्या म्हणाल्या, आणि वही परत माझ्या हातात दिली.

सोमवारी पहाटेच्या एसटीने पुण्याला आले आणि थेट लॅबमध्ये गेले. टाकीतून ख फ्लास्कच्या पेशींची एक व्हायल काढली, ३७ अंशांच्या पाण्यात धरून हलवत वितळवली, मीडियममध्ये सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तळाला बसल्या होत्या.